स्पीकरची वायर घरी करायची तर जाडी बघा आणि टोकं सांभाळा

तुमचा प्रश्न मी असा समजलो. निपाणीत घर आहे, हॉलमध्ये नवा अ‍ॅम्प्लिफायर आणि सहा ओहमचे दोन बुकशेल्फ स्पीकर घेतलेत. डावा स्पीकर अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर आहे. उजव्याची वायर दाराच्या चौकटीवरून फिरवून न्यावी लागते, म्हणून ती सात मीटर पडते. सध्या बाजारात सर्रास मिळणारी पारदर्शक आवरणाची पातळ, पाऊण एमएमची वायर लावलीय आणि आवाज ‘पोकळ’ येतोय. कोल्हापुरात तयार केबलचा भाव ऐकून तुम्ही तसेच परत आलात. आता कुणी सांगतंय नेटवर्क केबलची वेणी घाला, कुणी म्हणतंय चांदीची तार आणा, तर तुमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो की घरात भिंतीतून टाकतात तीच वायर लावा. शिवाय खानापूर तालुक्यात मामांच्या कौलारू घरात पंधरा मीटर वायर न्यायची आहे, तिचं काय करायचं?

मी बेळगावात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं आणि घरगुती साऊंड बसवण्याचं काम करतो, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. तुमचा इलेक्ट्रिशियन बरोबर सांगतोय. अडीच एमएमची, अस्सल तांब्याची, बारीक तारांची लवचिक वायर घ्या, दोन पदर पिळा आणि चारही टोकं मन लावून करा. घरी केलेली वायर महागड्या केबलपेक्षा ‘गोड’ वाजते असं मी सांगणार नाही. पण तुमच्या खोलीच्या मापाची, पुरेशी जाड आणि पक्क्या टोकांची वायर केलीत, तर वायरीकडून जे काही मिळण्यासारखं आहे ते सगळं तुम्हाला मिळेल.

मात्र पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट आजच तपासा. तुम्ही ‘पोकळ’ हा शब्द वापरलात, तेव्हा मला पहिली शंका जाडीची आली नाही, प्लस-मायनसची आली. एका स्पीकरला प्लस-मायनस उलटं लागलं, की एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खालच्या स्वरांच्या लहरी लांब असतात आणि त्या खोलीत एकमेकींना मारतात, म्हणून डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो. गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध उभा राहायला हवा, तो दोन्ही कडांना पसरतो. पारदर्शक वायरीत ओळखायची खूण म्हणजे एका बाजूची बारीक रेघ किंवा एका पदराचा पांढुरका रंग. कपाटामागे हात घालून, अंधारात जोडणी करताना ही खूण सहज चुकते. दुरुस्तीला म्हणून माझ्याकडे आलेल्या ‘पोकळ’ आवाजाच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच सुटतात.

तपासायचं असं. अ‍ॅम्प बंद करा आणि त्याच्या बाजूची दोन्ही टोकं सोडवा. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. सेलचं प्लस वायरीच्या प्लसला धरा आणि मायनसला दुसरं टोक फक्त क्षणभर टेकवा. मोठ्या स्पीकरचा पडदा टचकन पुढे यायला हवा. काही तीन-मार्गी स्पीकरांत आतली जोडणी मुद्दाम उलटी असते, त्यामुळे पुढे येतो की मागे जातो यापेक्षा दोन्ही स्पीकर सारखे वागतात की नाही हे बघा. एक पुढे आणि एक मागे गेला, तर एकाच्या तारा बदला आणि मगच पुढचं वाचा. कदाचित निम्मं काम तिथेच होईल.

आता जाडीकडे वळू. स्पीकर वायरीचं काम म्हणजे अ‍ॅम्पमधून निघालेला करंट वाटेत कमीत कमी गमावून स्पीकरपर्यंत पोचवणं. वाटेतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा (तो ओहममध्ये मोजतात), दोन गोष्टी करतो. थोडा आवाज खातो, त्याचं फारसं काही नाही, बटण जरा फिरवलं की भरून निघतं. दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. सहा ओहमचा स्पीकर हा सगळ्या स्वरांना सहा ओहमचा नसतो. कुठे तो पावणेपाचपर्यंत उतरतो, कुठे तीसपर्यंतही चढतो. वायरीत रेझिस्टन्स असला की जिथे स्पीकर खाली उतरतो तिथे आवाज जास्त कमी होतो आणि जिथे चढतो तिथे जवळपास होतच नाही. म्हणजे वायर आवाजाचा तोल हलवते. ‘वायरीने आवाज बदलतो’ म्हणणारे लोक कल्पनेतलं बोलत नाहीत. पातळ वायरीने खरंच बदलतो, आणि तो का बदलतो हे आकडे मांडून दाखवता येतं.

लवचिक तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स प्रमाणित तक्त्यात ठरलेला आहे. एका किलोमीटरला जास्तीत जास्त इतका: पाऊण एमएमला २६ ओहम, एकला १९.५, दीडला १३.३, अडीचला ७.९८ आणि चारला ४.९५. (आपण ‘एमएम’ म्हणतो ते खरं तर स्क्वेअर एमएम, तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ.) करंट जातो आणि परतही येतो, म्हणून तुमची सात मीटरची वायर हिशेबात चौदा मीटर धरायची. पाऊण एमएमला ०.३६ ओहम येतो, दीडला ०.१९, अडीचला ०.११, चारला ०.०७.

जुना सर्वमान्य ठोकताळा असा की वायरीचा येण्याजाण्याचा रेझिस्टन्स स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा. सहा ओहमला तो ०.३ होतो. मी स्वतः घरच्या कामात दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास थांबतो, कारण स्पीकर खाली उतरतो तेव्हा पाच टक्के पुरेसे राहत नाहीत. तुमच्या पाऊण एमएमच्या वायरीत, पावणेपाच ओहमचा स्वर आणि तीस ओहमचा स्वर यांच्यात सुमारे अर्धा डेसिबलचा (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) फरक पडतो. चांगल्या कानाला तो जाणवू शकतो. अडीच एमएममध्ये तोच फरक डेसिबलच्या पाचव्या भागाच्याही आत येतो. त्यापुढे चारची वायर घेऊन मिळणारा फायदा इतका बारीक आहे, की सात मीटरला मी तो खर्च करायला सांगणार नाही. दीडची घरात पडून असेल तर तीही बिनधास्त वापरा. नवीन आणायचीच असेल तर अडीचची आणा.

दोन्ही स्पीकरना वायर समान लांबीची हवी का, हे तुम्ही विचारलंय. अडीचच्या वायरीत चार मीटरच्या फरकाने दोन स्पीकरांत ०.०६ ओहमचा फरक पडतो, म्हणजे डेसिबलचा दहावा भागही नाही. वेळेचा फरक तर सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजायचा. समान लांबी करून डाव्या स्पीकरमागे चार मीटरचं वेटोळं ठेवायचं काही कारण नाही. जिथे जितकी लागते तितकी घ्या, फक्त प्रत्येकीला एखादा मीटर जास्त ठेवा. कपाट सरकवून मागची धूळ काढताना तो उपयोगी पडतो.

आता वायर निवडायची कशी. आपल्याकडे खरी फसगत इथेच होते. ‘स्पीकर वायर’ म्हणून सुट्या मीटरवर मिळणारी पुष्कळशी वायर तांब्याची नसतेच. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेला असतो. तिचा वाहकपणा शुद्ध तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. म्हणजे अडीचची म्हणून घेतलेली वायर करंटच्या दृष्टीने दीड-पावणेदोनची निघते. शिवाय ती वाकवून वाकवून लवकर तुटते आणि स्क्रूखाली हळूहळू सैल पडते. ओळखणं सोपं आहे. एक बारीक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. उलट वरून पांढरी आणि आतून तांबडी निघाली तर ती कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार, ती उत्तम. दुसरी परीक्षा लायटरची: एक सुटी तार ज्योतीत धरली की अ‍ॅल्युमिनियम पटकन मऊ होऊन लोंबतं. ते ६६० अंशांना वितळतं आणि तांबं १०८५ अंशांना, त्यामुळे तांब्याची तार लालबुंद होऊनही उभी राहते.

ही सगळी शंका नको असेल तर घरगुती वायरिंगची, आयएसआय शिक्क्याची, बारीक तारांची सिंगल कोर (एका आवरणात एकच पदर असलेली) वायर घ्या. नव्वद मीटरचं बंडल येतं, पण ओळखीच्या दुकानात सुटी मीटरवरही कापून देतात. फिनोलेक्स, पॉलिकॅब, हॅवेल्स, कुठलीही चालेल, मी यांच्यात डावंउजवं करत नाही. अडीचच्या वायरीत साधारण ०.३ मिलिमीटरच्या ३६ तारा असतात, दीडमध्ये २२. जुने दुकानदार अजून ‘तेवीस-शहात्तर’, ‘चाळीस-शहात्तर’ अशा भाषेत बोलतात. पहिला आकडा तारांचा, दुसरा एका तारेच्या जाडीचा, इंचाच्या दहा हजाराव्या भागात. चाळीस-शहात्तर म्हणजे सुमारे १.२ स्क्वेअर एमएम, तेवीस-शहात्तर म्हणजे पाऊणच्याही आत. दुकानात हे कुणी म्हणालं तर गोंधळू नका. आणि एकच जाड तार असलेली वायर घेऊ नका. वाजते ती तितकीच चांगली, पण वळवताना ताठ राहते आणि स्पीकरच्या टर्मिनलवर सतत जोर टाकते.

पिळण्याबद्दल. दोन सुट्या वायरी भिंतीवरून एकमेकींपासून लांब लांब गेल्या, की मधल्या जागेमुळे इंडक्टन्स (करंट झपाट्याने बदलताना त्याला होणारा विरोध) वाढतो आणि लांब अंतरावर सर्वात वरचे स्वर किंचित दबतात. शेजारी शेजारी ठेवल्या की तो कमी होतो. पिळल्या की त्या शेजारीच राहतात, एवढाच पिळण्याचा फायदा, पण तो कायमचा असतो. एक लाल आणि एक काळी वायर घ्या. दोघींची एकेक टोकं खिडकीच्या गजाला घट्ट बांधा, दुसरी टोकं ड्रिल मशीनच्या तोंडात पकडा, वायर ताणून धरा आणि मशीन अगदी हळू फिरवा. चार-पाच सेंटिमीटरला एक पीळ पडला की थांबा. सोडल्यावर पीळ थोडा उलगडतो, म्हणून दोन फेरे जास्त द्या. पिळताना लांबी थोडी आखडते, तेव्हा सात मीटरला पावणेआठ मीटर कापून घ्या. हे करायचं नसेल तर दोन कोरची गोल आवरणाची अडीच एमएमची केबल मिळते, तिच्यात पदर आधीच पिळलेले असतात. भाड्याच्या घरात, जिथे वायर जमिनीवरून पायांत येणार, तिथे मी तीच लावतो.

सगळ्यात जास्त वेळ टोकांना द्या. सात मीटर तांब्यात ०.११ ओहम आहे, आणि एक सैल, काळवंडलेला जोड एकटा तेवढाच किंवा त्याहून जास्त रेझिस्टन्स आणू शकतो. शिवाय तो स्थिर नसतो, धक्का लागला, हवा दमट झाली, की बदलतो. आवाज मधूनच एका बाजूला खरखरतो तो असाच. जांबोटीच्या बाजूला एका घरी दर पावसाळ्यात डावा स्पीकर कुरकुरायचा. त्यांनी अ‍ॅम्प दोनदा उघडून घेतला होता. मी जाऊन टर्मिनलमधून वायर बाहेर ओढली तर तारांची टोकं हिरवट-काळी, बोट लावलं की पूड येत होती. अंगठ्याच्या पेराएवढं आवरण सोललं तरी आत तोच रंग. जिथे तांबं लख्ख तांबडं दिसलं तिथपर्यंत, जवळजवळ वीतभर, वायर कापली, नवी टोकं केली आणि स्पीकर नीट वाजू लागला. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस आणि चार महिने घरात मुरणारी ओल तुम्हाला माहीत आहे. निपाणीत तितकं नाही, तरी पावसाळ्याची दमट हवा तिथेही उघड्या तांब्याला सोडत नाही.

टोक करताना बारा मिलिमीटर आवरण काढा. शक्यतो वायर स्ट्रिपरने काढा. ब्लेडने गोल कापताना बाहेरच्या तारांना चिरा पडतात आणि त्या नंतर तुटून केसासारख्या बाहेर राहतात. असा एक केस प्लसपासून मायनसला टेकला की अ‍ॅम्पचे आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. नव्या अ‍ॅम्पमध्ये संरक्षण असतं, जुन्यांत आणि स्वस्त बोर्डांत त्याची खात्री नाही. म्हणून सोलल्यावर तारा बोटांनी एकाच दिशेने घट्ट पिळा आणि उजेडात धरून बघा, एकही सुटी तार दिसता कामा नये.

पुढे काय करायचं ते तुमच्या टर्मिनलवर अवलंबून आहे. मागे स्क्रूचे गोल टर्मिनल असतील तर तीन पर्याय आहेत: उघडी वायर भोकातून घालून आवळणं, पिन थिंबल दाबून बसवणं, किंवा बनाना पिन (टर्मिनलच्या भोकात नुसती खुपसायची पिन). इलेक्ट्रिकलच्या दुकानात पोकळ नळीसारखी अडीच एमएमची थिंबल मिळते. ती तारांवर चढवून क्रिम्पिंग टूलने दाबली की सगळ्या तारा एका मुठीत येतात. साध्या पकडीने दाबू नका, नळी चपटी होते पण तारा आत सैलच राहतात. जिथे वायर वारंवार काढायची नाही तिथे माझी पसंती याच पद्धतीला आहे. वारंवार काढायची असेल तर बनाना पिन. चांगली पिन टर्मिनलमध्ये घालताना थोडा जोर लागतो आणि काढतानाही लागतो. सहज सुळकन आत गेली तर ती पिन ठेवून द्या, दुसरी घ्या.

पिनला सोल्डर करायचं असेल तर साठ वॅटची सोल्डरिंग आयर्न आणि रोझिन असलेली तारच वापरा. पत्र्याच्या कामाचा अ‍ॅसिडचा फ्लक्स इथे कधीही नको, तो मागे राहून तांबं खात राहतो. पिन आधी तापवा, मग तार तापवा, मग सोल्डर लावा. ते तारांत शोषलं जाऊन चकचकीत दिसायला हवं. वर गोळा बनून बसलं तर आत पकडलेलं नाही. आणि ज्या टोकावर स्क्रू आवळायचा आहे ते टोक सोल्डरने भरू नका. अनेक जण हे नीटनेटकं म्हणून करतात. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली महिनोन्‌महिने हळूहळू सरकत राहतं आणि जोड सैल होतो. उघड्या तांब्याचंही थोडं बसणं होतंच, म्हणून जोडल्यावर दोन-तीन दिवसांनी सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळा. शेवटी प्रत्येक टोकावर हीट श्रिंक ट्यूब (तापवली की आक्रसून घट्ट बसणारी नळी) चढवा, प्लसला लाल आणि मायनसला काळी.

दाबायच्या क्लिपची टर्मिनल असतील तर अडीचची वायर बहुतेक मावत नाही. तारा छाटून बारीक करू नका. दीडची वायर घ्या, किंवा अडीचच्या टोकाला पातळ पिन थिंबल दाबा.

चांदी, ऑक्सिजन-मुक्त तांबं, वेणी यांबद्दल आता. चांदीचा वाहकपणा तांब्यापेक्षा साधारण सहा टक्के जास्त. तांब्याची वायर सहा टक्के जाड घेतली की हिशेब बरोबरीत येतो. ऑक्सिजन-मुक्त आणि साध्या विजेच्या तांब्यात फरक एखाद्या टक्क्याचा. दीडऐवजी अडीच घेतल्याने जो फरक पडतो, त्याच्यापुढे हे दोन्ही नगण्य आहेत. केबलवरच्या बाणाच्या दिशेचंही मनावर घेऊ नका. संगीताचा करंट सेकंदाला शेकडो, हजारो वेळा दिशा बदलतो.

नेटवर्क केबलच्या वेणीत तर्क आहे, म्हणून तिच्यावर दोन शब्द जास्त. खूप बारीक पदर एकमेकांत गुंफल्याने इंडक्टन्स खरंच पुष्कळ कमी होतो. पण एका केबलमधल्या आठ तारा चार-चार वाटल्या तर एका बाजूला जेमतेम ०.८ स्क्वेअर एमएम तांबं येतं. अडीचची बरोबरी करायला तीन केबलांची वेणी घालावी लागते आणि प्रत्येक टोकाला चोवीस तारा सोलाव्या लागतात. आणि इंडक्टन्स कमी होतो तितका कॅपॅसिटन्स (दोन पदरांत थोडी वीज साठण्याचा गुण) वाढतो, सात मीटरला काही हजार पिकोफॅरड. बहुतेक अ‍ॅम्पना त्याचं काही वाटत नाही. पण काही अ‍ॅम्प, विशेषतः ज्यांच्या आउटपुटला छोटी कॉइल नसते, अशा भाराने ऐकू न येणाऱ्या वारंवारतेला स्वतःशीच थरथरू लागतात. आवाज करकरीत होतो, हीटसिंक विनाकारण तापतो आणि काही वेळा ट्रान्झिस्टर जातात. तुमचा अ‍ॅम्प कुठल्या गटातला आहे हे सर्किट बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. सात मीटरला इंडक्टन्सचा त्रास मुळात फारसा होत नसताना हा धोका का घ्यायचा?

सुरक्षेचं मात्र गांभीर्याने घ्या. तुम्ही घरगुती वायर वापरणार, म्हणजे उद्या घरात काम करणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला ती मेनची वाटू शकते. दोन्ही टोकांजवळ आणि मधे दर दोन मीटरला ‘स्पीकर’ असं लिहिलेली चिकटपट्टी गुंडाळा. तिला प्लग टॉप कधीही लावू नका. मेनच्या वायरी असलेल्या पाईपात किंवा केसिंग पट्टीत ती घालू नका. बनाना पिन जुन्या, झडप नसलेल्या सॉकेटच्या भोकात शिरू शकते. घरात लहान मूल असेल तर थिंबलच वापरा. आणखी एक: हल्लीचे बरेच छोटे डिजिटल अ‍ॅम्प दोन्ही टोकांनी स्पीकर चालवतात, म्हणजे त्यांचं काळं टर्मिनल हे ग्राउंड नसतं. तीन कोरची केबल आणून दोन्ही स्पीकरचं मायनस एकत्र करण्याचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडून द्या. अशा अ‍ॅम्पवर तो शॉर्ट ठरतो.

वायर तयार झाली की मोजून बघा, विश्वास ठेवून नको. साध्या मल्टिमीटरवर ०.१ ओहम धड दिसत नाही, त्याच्या स्वतःच्या प्रोबचाच रेझिस्टन्स तेवढा असतो. त्यावर सोपी युक्ती आहे. वायरीची एका बाजूची दोन टोकं एकमेकांना घट्ट जोडा. दुसऱ्या बाजूने १२ व्होल्टची बॅटरी आणि मोटरसायकलच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वायरीशी सिरीजमध्ये लावा. बल्ब पेटला की पावणेदोन अँपियरच्या आसपास करंट वाहतो, नेमका किती ते मीटर दहा अँपियरच्या रेंजवर ठेवून बघून घ्या. मग मीटर मिलिव्होल्टवर करून वायरीच्या दोन टोकांवर धरा. मिलिव्होल्टला अँपियरने भागलं की मिलिओहम मिळतात. अडीचच्या तुमच्या सात मीटरला दोनशे मिलिव्होल्टच्या आत यायला हवं. तीनशेच्या वर आलं तर एक तर तांबं खोटं, नाही तर टोक कच्चं. मीटर धरून ठेवून टोकं हलवून बघा. आकडा नाचला की कुठलं टोक कच्चं आहे तेही कळतं.

ऐकून पारखायचं असेल तर रोजच्या परिचयाचं काहीतरी लावा, ज्यात तानपुरा आणि डग्गा दोन्ही स्पष्ट आहेत. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला जन्मलेल्या कुमार गंधर्वांची ध्वनिमुद्रणं मी यासाठी लावतो. त्यांचे तानपुरे इतके नेटके लागलेले असतात की तोल हलला तर तिथे आधी कळतं, आणि त्यांचा आवाज मधोमध उभा राहतो की नाही हेही लगेच समजतं. वायर बदलण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या आणि कुठली लावली ते सांगू नका म्हणावं. आवाजाचं बटण हलवू नका. किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी ‘जास्त चांगला’ वाटतो, म्हणून वायर माहीत असताना केलेल्या तुलनेवर मी निर्णय देत नाही.

मामांच्या घराबद्दल. त्यांचे स्पीकर आठ ओहमचे आहेत असं तुम्ही लिहिलंय. पंधरा मीटरला अडीचची वायर ०.२४ ओहम होते, म्हणजे तीन टक्के. चारची वायर ०.१५ होते, म्हणजे दोनच्या आत. जागा असेल तर आधी अ‍ॅम्पच स्पीकरांजवळ हलवता येतो का ते बघा, वायर जितकी कमी तितकं बरं. नाहीच जमलं तर इथे मी चारची घेईन, कारण माळ्यावरून गेलेली वायर पुन्हा पुन्हा बदलणं होत नाही. चारची वायर टर्मिनलच्या भोकात जायला अवघड पडते, म्हणून शेवटी अडीचचा वीतभर तुकडा जोडा. तो जोड थिंबलने दाबून, वर हीट श्रिंक चढवून, खाली भिंतीवर करा. माळ्यावर कुठेही मधला जोड नको.

माळ्यावर उंदीर असणारच, आणि ते वायरीचं आवरण कुरतडतात. म्हणून वायर सलग पीव्हीसी पाईपातून न्या, पाईपाची दोन्ही तोंडं बुजवा आणि तो वाशांना बांधा, जमिनीवर लोळवू नका. कौलांतून गळणारं पाणी वायरीवरून घरंगळत टर्मिनलपर्यंत येतं, म्हणून खाली उतरताना वायरीला स्पीकरच्या पातळीखाली एक झोळ द्या आणि मग वर नेऊन जोडा, पाणी झोळाच्या तळातून ठिबकून जाईल. मे महिन्यात कौलं चाळायला माणसं चढतील त्याच दिवशी पाईप टाकून घ्या, नंतर जूनमध्ये त्या माळ्यावर कुणी चढणार नाही.